मांदेलीचं पीठ

मासे खाणाऱ्या घरातली माणसं परक्या गावी गेली की देऊळ, राजवाडा, संग्रहालय यांच्या आधी बाजाराचा पत्ता विचारतात. बाजारात जाऊन विकत काहीच घेत नाहीत. कल्ले उघडून बघतात, पोट बोटाने दाबतात, "ताजो नाय" असा निकाल देतात आणि समाधानाने मुक्कामी परततात. मालवणी माणसाला परमुलखातला मासा चुकून ताजा निघाला तर आतून थोडं वाईटच वाटतं. आमच्या आईला तर फारच. दादरच्या बाजारात ती दुरून दिसली की कोळणी वरची पापलेटं खाली आणि खालची वर करतात, असा तिचा लौकिक.

अशा बाईला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं, त्याचं कारण आमची लेक. ती लिमात नोकरीला. "या एकदा" असं ती दर रविवारी म्हणे. आम्ही दर रविवारी "बघू" म्हणत असू. एका रविवारी तिने आजीला सांगितलं की, अंटार्क्टिकाच्या बाजूने एक थंड प्रवाह पेरूच्या किनाऱ्याला लागून वर सरकतो, त्याच्या जोडीने तळातलं गार, सकस पाणी वर येतं आणि त्यामुळे तिथे एका जातीचा मासा एवढा सापडतो की तेवढा एका जातीचा जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही. आईने फोनवरच विचारलं, "तिकीट कितीक?"

बायकोला लेक किती वाळली ते प्रत्यक्ष बघायचं होतं. मेहुणीला पेंग्विन बघायचे होते. आणि मेहुणीचे यजमान, म्हणजे आमचे साडू, यांना एल निनो बघायचा होता.

हे जरा उलगडून सांगायला हवं. साडूंची काटोलला संत्र्याची बाग. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात "यंदा मॉन्सूनवर एल निनोचं सावट" अशी बातमी येते आणि साडूंचा रक्तदाब वर जातो. बहार फुटला नाही, एल निनो. फळगळ झाली, एल निनो. 2015 साली झाली, 2023च्या कोरड्या ऑगस्टात झाली. हा एल निनो पेरूच्या समुद्रात असतो एवढं त्यांनी वाचलेलं. "भाऊ, इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याचं गाव तरी पाहून घेऊ," ते म्हणाले. मासे ते खात नाहीत. खातात ते सावजी मटण. मासा हा पदार्थ तेलाची तर्री धरत नाही, त्यामुळे त्याला अन्न का म्हणावं हा त्यांचा जुना प्रश्न आहे.

लिमात उतरलो तेव्हा तिथला हिवाळा होता. आकाश म्हणजे एकच राखाडी चादर. त्यातून अगदी बारीक असं काहीतरी भुरभुरत होतं. त्याला तिथे गारूआ म्हणतात. अंग भिजत नाही, पण दोरीवरचे कपडे सलग चार दिवस वाळतही नाहीत. साडूंनी छत्री उघडली तर रस्त्यावरचे लोक कुतूहलाने बघू लागले. लिमात छत्री फार कोणी बाळगतच नाही, कारण खरा पाऊस तिथे पडत नाही. आंबोलीला पावसाळ्यातल्या एका दुपारी जेवढा पडतो, तेवढा लिमाला वर्षभर पुरतो. घरांना उतरती छपरं नाहीत, पन्हळी नाहीत, पागोळ्या नाहीत. सपाट गच्च्या, वर उघड्या सळया आणि सळयांना बांधलेली कुत्री. "एवढो समुद्र टेकलेलो नि कौलां नाय?" आईने विचारलं. लेकीने समजावलं की समुद्रच गार, म्हणून त्यावरची हवा गार आणि जड; ती वर चढत नाही, म्हणून ढगातून पाऊस पडत नाही. ज्या गारव्याने मासा येतो, त्याच गारव्याने पाऊस जातो.

साडू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे समुद्र दारात, अन् वाळवंट घरात! बाप्पा. आपलं काटोल बरं."

लिमाच्या दक्षिण टोकाला चोरियोस म्हणून कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथला धक्का आणि त्याला लागून बाजार. आम्ही पहाटेच गेलो, कारण आईला पहाट सोडून इतर वेळी बाजारात जाणं हा भ्रष्टाचार वाटतो. सिमेंटच्या ओट्यांमागे गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या बाया, हातांना कोपरापर्यंत चिकटलेले खवले, पायाखाली पाण्याचे पाइप, आणि प्रत्येक ओट्यामागे बाईच्या कमरेपेक्षा उंच पेलिकन. हे पक्षी ओरडत नाहीत, भांडत नाहीत. नुसते उभे राहतात आणि डोकं बाजूला पडण्याची वाट बघतात. डोकं पडलं की थैली उघडते, मिटते आणि पुन्हा तीच शांतता. मेहुणी फोटो काढायला वाकली, तर एकाने तिच्या पिशवीत चोच घालून आत काय आहे याची खातरजमा केली. आत मेतकूट होतं. त्याने रस सोडला.

आईने पहिल्या फेरीतच ओळखीचे शोधले. "ही मुशी!" ती ओरडली. तिथे तिला तोयो म्हणतात. पुढच्या ओट्यावर पाठीवर निळे पट्टे असलेला काबाया. "बांगडोच आसा, जरा परदेशात वाढलेलो," आई म्हणाली. आणि मग ती एका ओट्याशी थांबली. तिने एका माशाचा कल्ला उचलला. ओट्यामागच्या बाईने ते पाहिलं, हातातली सुरी खाली ठेवली, दुसऱ्या बाजूचा कल्ला स्वतः उघडला आणि मासा आईच्या नाकापर्यंत नेला. आईने पोट दाबलं. बाईने शेपटीकडे दाबून दाखवलं. आईने एक बोट वर केलं, बाईने तीन. आईने पाठ फिरवली. बाईने हाक मारली, "कासेरा!" तिथे बाजारात विकणारी घेणारीला आणि घेणारी विकणारीला याच नावाने पुकारते. लेक मध्ये पडून स्पॅनिशमधून काही समजावू लागली, तर दोघींनी एकाच वेळी हाताने तिला बाजूला केलं.

दोन बोटांवर सौदा ठरला. पैसे दिले, मासे पिशवीत पडले, तरी आई जागची हलेना. बाई तिच्याकडे बघते, आई माशांकडे बघते. अखेर बाईने सुस्कारा टाकून एक काबाया वर टाकला. या वरच्या दानाला तिथे यापा म्हणतात आणि जुन्या गिऱ्हाइकाला तो हक्काने मिळतो. आईने मागितला नव्हता. नुसती उभी होती.

धक्क्यावर होसे ओलाया या कोळ्याची आठवण जपलेली आहे. 1823 साली स्पॅनिश फौज लिमात असताना हा गडी चोरियोस आणि कायाओ बंदराच्या दरम्यान समुद्रातून पोहत देशभक्तांची गुप्त पत्रं नेत-आणत असे. पकडला गेला, छळ झाला, पण नावं सांगितली नाहीत. 29 जूनला त्याला गोळ्या घातल्या. लेक हे सांगत असताना आमचे डोळे पाणावले. आईने विचारलं, "पोहत नेल्यान, तर कागद भिजले नाय?" खिल दे कास्त्रो या चित्रकाराने 1828 साली काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात तो शुभ्र कपड्यात उभा आणि हातात पत्रं, कडक कोरडी. आईच्या शंकेला पेरूच्या कलेतिहासात तरी उत्तर नाही.

29 जूनलाच संत पेद्रोचा सण असतो. हा कोळ्यांचा संत. त्याची मूर्ती बँड लावून धक्क्यावर आणतात, होडीत बसवतात आणि समुद्रात फेरी मारून आणतात. मागे फुलं, झेंडे आणि पोरंबाळं भरलेल्या होड्या. आई सगळं नीट बघत होती. नारळी पौर्णिमेची सवय. "सगळा बरोबर," ती म्हणाली, "पण नारळ खय?" होडी परत येईपर्यंत तिला घोर लागून राहिला होता.

आता सेविचे. पेरूत जाऊन त्याबद्दल न बोलणारा माणूस बहुधा विमानतळावरूनच परतलेला असावा. कच्च्या माशाचे चौकोनी तुकडे, वर आपल्या कागदी लिंबासारख्या छोट्या आंबट लिंबांचा रस, मीठ, तिखट मिरची, उभा चिरलेला लाल कांदा, कोथिंबीर. पाच-दहा मिनिटांत तुकडे वरून पांढरे पडतात. चूल नाही, फोडणी नाही. सोबत उकडलेलं रताळं आणि भाजलेला मका. 28 जून हा या पदार्थाचा सरकारी दिवस, आणि 2023 साली युनेस्कोने जगाच्या अमूर्त वारशात त्याची नोंद केली. ही माहिती ऐकून साडूंनी सावजी रस्सा अद्याप युनेस्कोकडे का पोचला नाही, याची चौकशी केली.

आईसमोर बशी आली तेव्हा टेबलावर शांतता पसरली. वेटरसुद्धा थांबला, त्याला कारण माहीत नसताना. आईने एक तुकडा उचलला, उलटा केला, वास घेतला, खाल्ला. "मासो ताजो आसा," ती म्हणाली. आमच्या घराण्यात हे वाक्य परमुलखात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मग तिने चमच्याने बशीच्या तळाचा रस घेतला, ज्याला तिथे लेचे दे तिग्रे म्हणतात आणि जो पेल्यात भरून वेगळा विकतात, रात्री जास्त झालेल्यांना सकाळी उतारा म्हणून. आईने पेला मागवला आणि संपवला. "आगळ घातलेल्यांनी आसता तर आणखी बरा झाला आसता," एवढीच दुरुस्ती सुचवली.

पण खरं प्रशस्तिपत्र तिने संध्याकाळी दिलं. पुन्हा तेच खावंसं वाटून आम्ही निघालो, तर सेविचेची दुकानं बंद. जुना रिवाज असा की सेविचे दुपारचं खाणं. सकाळी आलेला मासा दुपारी संपला पाहिजे. शटरवरचा लहानगा कागद लेकीने वाचून दाखवला आणि आई रस्त्यात थांबून म्हणाली, "सांजचो मासो खायत नाय? मगे समजता त्यांका." तेव्हापासून पेरू देशाशी तिचे संबंध सुधारले.

लिमाच्या दक्षिणेला तीनचार तासांवर पाराकास. एका बाजूला वाळवंट, एका बाजूला समुद्र, मध्ये सुया टोचाव्या तसा वारा. तिथून वेगाच्या बोटीने बायेस्तास बेटांना फेरी मारून आणतात. बेटावर पाऊल ठेवू देत नाहीत. बेटं म्हणजे पांढरे खडक. जवळ गेल्यावर कळतं की खडक मुळात पांढरे नाहीत. आणखी जवळ गेल्यावर नाकालाच कळतं.

खडकावर पेंग्विन होते. मेहुणीने कॅमेरा काढला आणि हिरमुसली. "अहो भावोजी, हे तर राणीच्या बागेतलेच!" खरंच तेच. हम्बोल्ट पेंग्विन. 2016 साली सोलहून आठ पेंग्विन मुंबईत भायखळ्याला आणले, त्यानंतर आम्ही सगळे रांग लावून त्यांना काचेपलीकडे वातानुकूलित गारव्यात बघून आलो होतो. आपली समजूत अशी की पेंग्विन म्हटला की बर्फ. इथे हे गृहस्थ विषुववृत्तापासून जेमतेम चौदा अंश दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला, रणरणत्या खडकावर उभे. समुद्र गार असला की झालं. साडू म्हणाले, "मुंबईत यांच्या एसीचं बिल कोण भरते हो?" मेहुणीने त्यांना कोपर मारलं.

पण साडूंना त्या बेटावर पेंग्विनपेक्षा शीट आवडली. पाणकावळे, पेलिकन आणि बूबी नावाचे पक्षी लाखोंनी येतात, लेकीने फोनवर सांगितलेला तो मासा, आंचोवेता, खातात आणि बेटावर बसून मोकळे होतात. पाऊस नसल्यामुळे ते वाहून जात नाही. शतकानुशतकं थर साचतो. हे ग्वानो. नत्र आणि स्फुरद यांनी भरलेलं खत. 1840च्या सुमारास युरोपातल्या शेतकऱ्यांना याचा शोध लागला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं पेरूचा सरकारी खजिना मुख्यतः पक्ष्यांच्या शिटीवर चालला. जवळच्या चिंचा बेटांवर थर इतका जाड की तो डोंगरासारखा खणावा लागे. खणायला चीनमधून वेठीने आणलेले मजूर होते आणि त्यांचे हाल सांगवत नाहीत. 1864 साली स्पेनच्या आरमाराने ही बेटं बळकावली. त्यातून लढाई पेटली ती 1866 साली कायाओच्या तोफांपर्यंत पोचली. आजही बेटांवर पहारेकरी असतात, पक्ष्यांना कोणी हुसकावू नये म्हणून. आणि काही वर्षांच्या अंतराने माणसं कुदळी आणि खराटे घेऊन खत गोळा करतात, पोती भरतात, शेतकऱ्यांना विकतात.

साडूंच्या नागपूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरं बसतात, म्हणून त्यांनी महागातली जाळी बसवून घेतली आहे. ते बराच वेळ विचारात होते. मग त्यांनी गाइडला लेकीमार्फत पोत्याचा भाव, नत्राचं प्रमाण, संत्र्याला चालेल का, एकरी किती, असे प्रश्न विचारले. गाइडने आयुष्यात पहिल्यांदा पर्यटकाकडून असे प्रश्न ऐकले असावेत. तेवढ्यात वरून एक थेंब साडूंच्या टोपीवर पडला. बोटीतले सगळे हसले. साडूंनी टोपी काढली, डागाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे घरी नेता येईल का?"

आता या सगळ्या लेखाचं निमित्त, चिंबोते. लिमाच्या उत्तरेला साडेचारशे किलोमीटर, पॅन-अमेरिकन महामार्गावर. या गावाला पर्यटक थांबत नाहीत. आम्ही थांबलो, कारण आईने "जास्तीत जास्त मासा उतरतो ते गाव" अशी मागणी केली होती. गाव दिसण्याच्या आधी येतं ते वासाने. मासा सडल्याचा वास आम्ही ओळखतो. सुकटीचा वास तर आम्हाला माहेरचा. हा वास वेगळा. उकडलेला, भाजलेला, जड, कपड्यांच्या शिवणीत शिरून बसणारा.

बंदरात निळ्या-लाल होड्यांच्या रांगा, आणि आंचोवेता. बोटाएवढा चांदीसारखा मासा. आईने हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अगो, ही तर मांदेली!" अगदी मांदेली नव्हे, पण एकाच कुळातली, मांदेलीची परदेशातली चुलत बहीण. आईने लगेच हिशेब मांडला: रवा, मालवणी मसाला, हळद, मीठ, तवा. "खय मिळता विकत?"

इथे लेकीला खरं सांगावं लागलं. हा मासा इथे फारसा कोणी खातच नाही. तो कारखान्यात जातो. पाइपाने होडीतून ओढतात, शिजवतात, पिळतात, वाळवतात आणि दळतात. चार-साडेचार किलो माशांचं एक किलो पीठ. ते पोत्यांतून बहुतांश चीनला जातं. तिथे डुकरांची पिल्लं, कोंबड्या आणि तळ्यातले मासे खातात. पिळून निघालेलं तेल वेगळं विकतात.

"दळतत?" आई म्हणाली. "मांदेली? डुकरांक?"

आमच्या आईच्या आयुष्यात दुःखाचे प्रसंग आले आहेत. पण त्या धक्क्यावर ती जशी उभी राहिली तशी मी तिला क्वचित पाहिली. सुकवणं तिला समजतं. खारवणं समजतं. आमच्याकडेही तारली फार आली की लोक माडाच्या बुंध्यात घालत, हेही तिने पाहिलंय. पण मुद्दाम, ठरवून, कारखाना काढून, ताज्या मासळीचं पीठ? लेक मोठ्या उत्साहाने आकडे सांगत होती. 1970 साली या देशाने 1 कोटी 20 लाख टनांहून अधिक मासा काढला आणि मासेमारीत जगात पहिला नंबर लावला. हे गाव तेव्हा इतक्या वेगाने वाढलं की वाळूत रात्रीतून वस्त्या उभ्या राहत. मग 1972 साली समुद्र तापला, त्यात आधीच उपसा बेसुमार झालेला. 1973ला जेमतेम 20 लाख टनांच्या आसपास हाती लागला. कारखाने बंद, होड्या वाळूत, आणि सरकारने सगळा धंदाच ताब्यात घेतला. आता मात्र शास्त्रज्ञ आधी समुद्र तपासतात, मग कोटा ठरतो, प्रत्येक होडीला वाटा ठरवून देतात. 2023 साली पिल्लंच जास्त दिसली म्हणून उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम अख्खा रद्द केला.

"समुद्र कशानं तापला म्हणाली?" साडूंनी मध्येच विचारलं.

"एल निनो, काका."

साडूंनी समोरच्या रिकाम्या होड्यांकडे पाहिलं. "म्हणजे यांनाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मासेमारीविषयी जिव्हाळा होता.

आईचा प्रश्न अजून सुटला नव्हता. "नि तेल? तेलाचा काय करतत?" ते औषधी गोळ्यांतही जातं, लेक म्हणाली. ओमेगा-थ्री. हे ऐकून बायकोने नकळत पर्स पोटाशी धरली. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. पर्समधून डबी निघाली. लेकीने मागचा बारीक मजकूर वाचला. अँकोवी.

आई सुनेकडे बघत म्हणाली, "म्हणजे मांदेली गोळी करून गिळतंस, नि ताटात वाढली काय काटे म्हणतंस?"

मी समुद्राकडे बघत राहिलो. अशा वेळी पुरुषाने समुद्राकडे बघावं.

त्या संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला एका छोट्या होडीवाल्याकडून आईने ताजी आंचोवेता मिळवलीच. पैसे घेताना तो गोंधळलेला दिसला. बर्फात घालून ती आम्ही त्रुहियोजवळच्या वांचाको गावी नेली. वांचाको हे देखणं गाव. किनाऱ्यावर भिंतीला टेकून ओळीने उभे केलेले तोतोरा गवताचे निमुळते मचवे, वर वळलेल्या टोकांचे. त्यांना तिथले लोक घोडे म्हणतात, आणि स्वार होतातही तसेच; गुडघ्यावर बसायचं, बांबूच्या चिरफळीने वल्हवायचं, लाट फोडून बाहेर जायचं, येताना लाटेवर बसून यायचं. गाववाले म्हणतात की लाटेवर स्वार होण्याचा खेळ जगात इथेच सुरू झाला. हवाईच्या लोकांना हे मान्य नाही. गवत गावाजवळच्या खाचरांत लावतात. मचवा भिजून जड होतो, म्हणून रोज उभा करून वाळवतात. तरी काही आठवड्यांत कुजतो आणि नवा बांधावा लागतो. शेजारीच चान चान हे मातीचं अवाढव्य प्राचीन शहर, त्याच्या भिंतींवर जाळी, पेलिकन आणि मासे कोरलेले. काही रांगा एका दिशेला तोंड करून, काही उलट. एक प्रवाह गार, एक गरम, असं गाइड सांगतो. साडूंनी त्या उलट पोहणाऱ्या माशांचा फोटो काढून काटोलच्या शेतकरी ग्रुपवर टाकला.

राहायच्या जागी सामाईक स्वयंपाकघर होतं. आईने तवा ठेवला. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर मालवणी मसाल्याचा पहिला चुरका उठला आणि दोन जर्मन पोरं खोकत बाहेर पळाली. बाकीचे आत आले. मालकीणबाई आल्या, त्यांची आई आली, लाटांवरून थेट आलेला एक ओला पोरगा आला. रव्यात घोळलेली, कुरकुरीत, डोक्यासकट. मालकीणबाईंची आई एकामागून एक खात गेली आणि मग मुलीला बरंच काही रागाने बोलली. लेकीने सांगितलं: ती म्हणतेय, आम्ही लहानपणी हे खायचो, मग तुम्हा लोकांना लाज वाटायला लागली. आईला भाषांतराची गरज नव्हती. ती तव्यावर दुसरी खेप सोडत होती. साडूंनीही त्या रात्री चार खाल्ल्या. "तर्री नाही, पण ठीक आहे," असं म्हणाले. याला आम्ही घरात ऐतिहासिक मानतो.

पुढे काबो ब्लांकोला गेलो ते बायकोच्या हट्टाने. हेमिंग्वे तिथे 1956 साली येऊन राहिला होता, आपल्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेवरच्या सिनेमासाठी मोठा मार्लिन पकडण्याच्या चित्रीकरणाला. तिथल्याच पाण्यात 1953 साली आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकनाने गळाला 707 किलोचा काळा मार्लिन लावला आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. आईने एकच विचारलं: "नि खाल्ल्यान कोणी?" कोणालाच सांगता आलं नाही. आईने त्या गावात रस घेणं थांबवलं.

तिथून उतरत पाइताला आलो. हे साडूंचं तीर्थक्षेत्र. नाताळच्या सुमारास गरम पाणी येतं हे पाइताच्या कोळ्यांनी फार पूर्वी टिपलं आणि बाळ येशूचं नाव त्याला दिलं, एल निनो. मग शास्त्रज्ञ आले. मॉन्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर जगभरचे हवेचे दाब तपासत बसले होते. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो हे त्यांनी दाखवलं. म्हणजे काटोल आणि पाइता यांचं नातं जुळवण्यात सिमल्याकडच्या कचेरीचाही हात आहे.

धक्क्यावर एक वयस्क कोळी मोठ्या म्हाकुळाचे गळ सोडवत बसला होता. पोता नावाचं हे म्हाकूल माणसाच्या हाताहून लांब होतं. आई ते बघून त्याच्या शेजारीच बसली. साडू समोर उभे राहिले. टोपी काढली.

"बेटा, याला सांग, मी काटोलहून आलो. संत्र्याची बाग आहे. याच्या त्या निनोनं आमचा पाऊस खाल्ला."

लेकीने सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि भरभर बोलू लागला. 1983 साली, 1998 साली, 2017 साली. पाऊसच पाऊस. सपाट गच्च्या गळल्या, रस्ते वाहून गेले, सेचुराच्या वाळवंटात 1998ला समुद्राएवढं तळं साचलं. आंचोवेता गायब. कोळंबी मात्र तेव्हा बख्खळ आली, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे आमचा पाऊस इथं येऊन पडते," साडू म्हणाले. त्यांना चोर सापडल्यासारखं झालं. "त्याला विचार, हा येते कुठून?"

म्हाताऱ्याने गळ खाली ठेवला आणि पश्चिमेला समुद्राकडे हात केला. लेक थोडी अडखळली.

"काका, तो म्हणतो, तिकडून. तुमच्या बाजूने. आशियाकडून." मग तिने स्वतःच भर घातली: वारे मंदावले की इंडोनेशियाकडचं गरम पाणी इकडे सरकत येतं. इथले लोक म्हणतात, ही पीडा आमची नाही, तिकडचीच आहे.

साडू बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हातारा आणि ते, दोघे एकमेकांकडे संशयाने बघत होते. परतीच्या गाडीत पियुरा येईपर्यंत त्यांनी खिडकीतून नजर काढली नाही. मग म्हणाले, "भाऊ, इंडोनेशियाचं तिकीट कितीक असन?"

मागच्या सीटवरून, म्हाकुळाची पिशवी मांडीवर सांभाळत, आई म्हणाली, "थय मांदेली मिळता काय, ता आदी विचार."